जितं मूळ

आमच्या सुंगाई बरंबांगमध्ये साप बघण्याचं काम कल्सोमकडे आहे. गावात सापाला सर्वांत जास्त कोण भितं असं विचारलंत, तर त्याचंही उत्तर कल्सोम हेच येईल. या दोन गोष्टी एकाच बाईकडे कशा आल्या याचं बाहेरून येणाऱ्यांना नवल वाटतं. आम्हांला वाटत नाही.

घरात बसून लिहितो आहे म्हणून मी साप हा शब्द वापरतो आहे. कांदळवनात पाऊल टाकलं की आमच्याकडे तो कोणी उच्चारत नाही. तिथं त्याला मूळ म्हणतात. फारच खुलासा करायची वेळ आली तर जितं मूळ. नाव घेतलं की ज्याचं नाव त्याला ऐकू जातं, आणि कोण बोलावतंय ते बघायला तो येतो, अशी समजूत आहे. आता ज्या वनात झाडं मुळांच्याच पायांवर उभी, चिखलातूनही मुळांची बोटं वर आलेली, तिथं सापाला मूळ म्हणायचं कोणाला सुचलं असेल, असं मी एकदा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, पण खोड गेली नाही.

कल्सोम लहान असताना तिची आई ओहोटीला शिंपले काढायला कांदळात जायची आणि पोरीला बरोबर न्यायची. एकदा निपाच्या माडाच्या बुंध्याशी आईने हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. हात कोपरापर्यंत सुजला, काळानिळा पडला. जीव वाचला. आमच्या कांदळातल्या चापडा सापाने माणूस सहसा मरत नाही, मेलो तर बरं असं नुसतं म्हणत राहतो. पण आईच्या उजव्या हाताची दोन बोटं जन्माची आत वळली. काय झालं म्हणून कोणी विचारलं की ती सांगायची, "मूळ लागलं." कांदळातला शब्द तिने घरीही सोडला नाही. एकदा अद्दल घडली की माणूस नियम पाळताना हात सैल ठेवत नाही.

पोरीने ते ऐकलं आणि जसंच्या तसं घेतलं. मूळ लागतं. पुढची कित्येक वर्षं कल्सोमची पक्की समजूत होती की कांदळातली मुळंच चावतात. सगळी नाही, काही. कुठली ते सांगता येत नाही. आई त्या वाकड्या बोटांनी नारळ खवायची आणि समोर बसून पोरगी ते बघायची. घराच्या मागच्या पायरीपासून कांदळ सुरू होत होतं. तेव्हा ती जाता-येता एकेक मूळ निरखायला शिकली. साल कशी आहे, ओल कुठवर आहे, शेवाळ कुठल्या अंगाला आहे. ज्याला कालवं चिकटलेली असतात ते चावत नाही, असा एक शोधही तिने स्वतःपुरता लावला होता. माझ्या वर्गात होती ती. मी एकदा फळ्यावर कांदळाच्या झाडाचं चित्र काढलं, तर ही न विचारता उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. माझी चित्रकला बेताची आहे हे मला माहीत होतं, पण कोणी इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

मोठी झाल्यावर कोणीतरी हसत हसत तिला सांगितलं, अगं, मूळ म्हणजे ते. त्याने भीती जायला हवी होती. गेली नाही. चावणारी मुळं असतात हे तिला आधीच ठाऊक होतं. आता एवढंच नवं कळलं की ती चालतातही.

अशा मुलीचं लग्न आमच्या गावाने सेमानशी लावून दिलं. सेमान कांदळात पिंजरे लावून चिंबोऱ्या धरतो. त्याला कशाची भीती वाटत नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि खोटं म्हणता येत नसे, कारण भिण्यासारखं त्याला कधी काही दिसलेलंच नव्हतं. चिखलात मांडीपर्यंत रुतून, पाठीवर वेताची टोपली घेऊन, शीळ घालत तो जायचा आणि शीळ घालत यायचा. तो येईपर्यंत कल्सोम मागच्या पायरीवर बसलेली असायची. हातात काहीतरी निवडायला घेतलेलं असायचं, पण निवडून झालेलं मी कधी पाहिलं नाही.

मग वनखात्याने कांदळातून फळ्यांची वाट बांधली. खात्याचे रिदुआन साहेब टपरीवर चहा विकणाऱ्या चे याह या बाईकडे बसून आम्हांला समजावत होते की शहरातून माणसं येतील, रानातले साप त्यांच्या जागी बसलेले बघतील, फोटो काढतील.

चे याह म्हणाली, "साहेब, ते दिसू नये म्हणून आम्ही अल्लाचं नाव घेऊन निघतो, आणि तुमची माणसं ते दिसावं म्हणून तिकीट काढणार?"

"हो."

"मग त्यांना चहा लागेल," चे याह म्हणाली आणि तिने टपरीचं छप्पर पुढे वाढवून घेतलं.

साहेबांना रोज सकाळी वाटेवरून फिरून कुठं काय बसलंय ते बघून ठेवणारं माणूस हवं होतं. "जरा धीट असावं" हे त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सेमानचा हात वर झाला.

चाचणीसाठी साहेब आणि सेमान वाटेने निघाले. सेमान पुढे, हात हलवत. थोड्या वेळाने कल्सोम मागून निघाली, कारण त्याचा डबा घरीच राहिला होता. सेमान वाटेच्या टोकाशी उभा राहून सांगत होता, "आज एकही नाही, साहेब. उन्हामुळे असेल." कल्सोम अलीकडेच थांबली.

"आण की इकडे," सेमान म्हणाला.

"नाही."

"का?"

"मूळ."

"कुठं?"

"तुमच्या कानाशी."

सेमानने विचार केला. "कुठल्या?"

साहेबांनी त्याला दंडाला धरून हळूच मागे ओढलं. परतताना कल्सोमने आणखी दाखवले. एक फांदीच्या बेचक्यात, एक कठड्याखाली, आणि मघाशी सेमानने ज्या मुळावर पाय टेकून बुटाचा चिखल झटकला होता, त्याच्या पलीकडच्या अंगाला एक. दर वेळी तिचा चेहरा पांढरा पडत होता आणि साहेबांचा खुलत होता.

"माक लांग, हे काम तुम्हीच करा," ते म्हणाले. गावातले लहानथोर तिला माक लांग, म्हणजे थोरली मावशी, म्हणतात, साहेबही म्हणायला लागले.

"साहेब, मला भीती वाटते."

"म्हणूनच तुम्हांला दिसतात."

"दिसतात म्हणूनच वाटते."

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे बोलणं तिथंच थांबलं. चार दिवसांनी तिने हो म्हटलं. का म्हटलं ते तिने मला टपरीवर सांगितलं. "मास्तर, हा रोज आत जातो. मी घरी बसून घाबरते, ते मी वाटेवर जाऊन घाबरेन. निदान कुठं कुठं आहेत ते तरी कळेल. याला सांगता येईल."

सेमानला रोज सांगितलं जाऊ लागलं. रात्री जेवताना, सकाळी निघताना. दुसऱ्या वळणावर मूळ, पडक्या झाडाच्या खोडावर मूळ, ओहळाच्या अलीकडे मूळ. सेमान म्हणायचा, "गावात माझी एकट्याची बायको अशी आहे की जी कांदळात मुळं आहेत हे रोज नव्याने सांगते." हा विनोद त्याने इतक्यांदा केला की पुढे पुढे टपरीवर लोक तो त्याच्या आधीच म्हणायचे. मूळ हा शब्द त्याच्या कानाला लागेनासा झाला. एक कान बोटीच्या इंजिनाने आधीच निम्मा नेला होता.

जिथं साप बसलेला दिसेल तिथं कठड्याला कल्सोम लाल चिंधी बांधते. आईच्या जुन्या सारोंगातून फाडलेल्या चिंध्या आहेत. चिंधीचा अर्थ इथून लांब राहा असा आहे. पाहुणे लांबून चिंधी बघतात आणि धावत येतात.

ती धीट झाली असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. फक्त भीतीची जागा ठरली. चापडा एकदा बसला की त्याच फांदीवर दिवसच्या दिवस बसून राहतो, मान इकडची तिकडे करत नाही. काल जिथं पाहिला तिथं आज दिसला, तर कल्सोमच्या छातीत एकदाच धडकी भरते आणि ती पुढे जाते. तिला खरी भीती रिकाम्या फांदीची. काल होता, आज नाही. नाही म्हणजे कुठंतरी आहे. मग ती उभ्या जागी थिजते आणि आपले पाय, आपला हात टेकलेला कठडा, डोक्यावरची पानं, असं एकेक बघत जाते, आणि बघून झालं की पुन्हा पायांपासून सुरू करते, कारण मधल्या वेळात पायांशी काय आलं असेल सांगता येत नाही. टपरीवर आली की दोन्ही हातांनी कप धरायची. चे याह न विचारता साखर जास्त घालायची आणि म्हणायची, "आज कुठली रिकामी?"

ओहळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी एक जाडजूड, जांभळट-काळा चापडा होता. तो एकाच बेचक्यात इतके दिवस बसून होता की गावाने त्याचं नाव पेन्शनर ठेवलं. गावात पेन्शन घेणारा मी एकटाच आहे. नाव ठेवताना माझा विचार मनात नव्हता असं सर्वांनी मला शपथेवर सांगितलं. कल्सोम ते नाव घेत नसे. पण त्या बेचक्याशी ती जरा जास्त वेळ थांबायची, कारण त्याच पायऱ्यांना सेमानची होडी बांधलेली असते, आणि ओहळाच्या काठावर, पायऱ्यांपासून थोड्या अंतरावर, सेमानचं मूळ आहे.

हे मूळ खरंच मूळ. एका मोठ्या झाडाचं, कमानीसारखं चिखलात उतरलेलं. पिंजरे बघून परत येताना शेवटचा चिखल फार खोल लागतो. तिथं पोचलं की सेमान न बघता हात वर करायचा, मूळ पकडायचा आणि त्याच्या आधाराने स्वतःला उपसून काठावर घ्यायचा. वर्षानुवर्षं धरून त्या जागी मुळाला त्याच्या तळव्याची झिलई आली आहे. घराच्या दाराची कडी तो जितक्या नजरेने बघत असेल तितक्याच नजरेने ते मूळ बघायचा.

त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. आदल्या रात्री वारा सुटला होता आणि पाणी फळ्यांना लागून गेलं होतं. सकाळी ओहोटी लागल्यावर सेमान आत गेला. त्याने फोन घरीच ठेवला होता. आधीचे फोन चिखलात गेल्यापासून तो आत फोन नेत नाही. पाहुणे कोणी नव्हते. कल्सोम वाटेने एकटीच निघाली. टपरीवर आम्ही नेहमीची तीन-चार माणसं होतो.

ओहळापाशी कठड्याला लाल चिंधी लटकत होती. बेचकं रिकामं होतं.

तिने पाय पाहिले. कठडा पाहिला. डोक्यावरची पानं पाहिली. खाली ओहोटीने सोडलेल्या डबक्यात काहीतरी सरकलं, पण तो निवटी मासे धरणारा पाणसाप होता, चिखलाच्याच रंगाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पलीकडच्या उंच फांदीवर काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला मोठा साप वेटोळं करून झोपला होता, नेहमीसारखा. त्याच्याकडे तिने ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि नजर काढून घेतली. पेन्शनर नव्हता. वारा पडला होता. चिखलातून बुडबुडे फुटल्याचे बारीक आवाज तेवढे येत होते. पाणी वळलं होतं; भरती ओहळातून आत यायला लागली होती.

मग शीळ ऐकू आली.

सेमान झाडांमधून बाहेर येताना दिसला, पाठीवर भरलेली टोपली, मान खाली, पाय उपसत. तो कुठं येणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिने तिकडे बघितलं. कमानीसारखं मूळ होतं तिथंच होतं. फक्त एका जागी जाड होतं. ओल्या लाकडाला ऊन लागलं की ते चकाकतं, ती जागा चकाकत नव्हती. कालवं नव्हती, पण तिथं कालवं कधीच नसतात. ती जागा सेमानच्या तळव्याची.

"आबांग, मूळ!" ती ओरडली. आमच्याकडे बायका नवऱ्याला आबांग म्हणतात.

शीळ थांबली. "काय?"

"मूळ!"

"मग?"

"मुळाला हात लावू नका!"

"मुळाला नको तर कशाला लावू? ढगाला?"

"नका लावू म्हणते ना!"

"मोडलंय का?"

"मोडलं नाही."

"मग बरंय की."

"जितं आहे हो, जितं!"

"मेलं असतं तर मोडलं असतं," सेमान म्हणाला आणि त्याने पुढचा पाय उपसला.

हे सगळं आम्हांला टपरीवर अर्धवट ऐकू येत होतं आणि नवराबायकोचं चाललंय म्हणून आम्ही कान दिला नव्हता. तिने पायातली रबरी चप्पल काढून फेकली. ती मध्येच चिखलात पडली. दुसरी फेकली. ती सेमानच्या बाजूला पडली आणि तो हसला. "घरी भांडू, सोम. चपला संपतील." मान पुन्हा खाली गेली. हात वर यायला लागला, रोज येतो तसा, न बघता, बोटं अर्धी मिटलेली.

कल्सोम म्हणते की ती अगदी हळू बोलली. आम्हांला टपरीवर जे ऐकू आलं ते हळू नव्हतं.

"साप."

चे याहचा हात साखरेच्या डब्यात तसाच राहिला. आम्ही कोणी कोणाकडे बघितलं नाही. तो शब्द कांदळातून आलेला आमच्यापैकी कोणी जन्मात ऐकला नव्हता. मला वाटतं, आम्ही पहिल्यांदा आपापल्या बाकाखाली बघितलं. धावत जावं हे नंतर सुचलं, आणि सुचल्यावरही जरा वेळ गेला.

तिकडे सेमानचा हात हवेत थांबला होता. तो मुळाकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता.

"काय म्हणालीस?"

"साप."

"हळू," सेमान कुजबुजला. "ऐकू जाईल."

"कोणाला?"

त्याने डोळे वळवले, आणि तेव्हा त्याला दिसलं. डोकं उचललेलं होतं. मान मागे ओढलेली होती, ताणलेल्या रबरासारखी. शेपटीचं टोक सालीवर थरथरत होतं. बोटांपासून ते वीतभर असेल. सेमान म्हणतो, चार बोटं.

तिथून मागे जाता येत नाही. खोल चिखलात मागचा पाय काढायचा तर पुढे काहीतरी धरावं लागतं, आणि पुढे धरण्यासारखं एकच होतं. टोपलीचं वजन त्याला पुढेच लोटत होतं. पाणी मागून येऊन गुडघ्यांच्या वर लागलं होतं. तोल गेला असता तर तो तोंडावर पडला असता, तोंड मुळावर.

"टोपली सोडा," कल्सोम म्हणाली.

"सोडायला हात हलवावा लागेल."

"मग नका सोडू. उभे राहा."

"उभाच आहे. किती वेळ ते सांग."

तिने होडीतलं वल्हं काढलं आणि ती पायरीवरून खाली उतरली. चिखलात, अनवाणी, कारण चपला फेकून झाल्या होत्या. आईचा हात सुजला त्या दिवसानंतर तिने कांदळाच्या चिखलात पाय ठेवला नव्हता. जे चाललं ते फळ्यांवरून. आता दोन्ही बाजूंना मुळं होती, कमरेला लागत होती, काही पोटाला. कशाला तरी धरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. कशाला धरायचं हाच प्रश्न होता.

ती प्रत्येक मुळापुढे थांबत होती. सेमानला तिचा आवाज येत होता, आणि तो सांगतो की त्याला सापापेक्षा त्या आवाजाची जास्त भीती वाटली. ती मुळांशी बोलत होती. "तू साप? नाही." मग हात टाकायची आणि पाय उपसायची. "तू साप? नाही." पुन्हा हात. लहान पोरं मांडणीवरची भांडी मोजतात त्या चालीत. एकदा शब्द गेलाच होता, आता राखून काय ठेवायचं, असं तिला वाटलं असेल. किंवा काहीच वाटलं नसेल.

"सोम," सेमान म्हणाला, "तेवढं म्हणू नकोस."

"गप्प उभे राहा. तू साप? नाही."

"माझा पाय चालला."

"जाऊ दे पाय. हात खाली आणू नका."

मग ती कमानीच्या बाजूला पोचली. त्या मुळापाशी ती थांबली, बघितलं आणि म्हणाली, "तू साप." आणि लांबून वळसा घेतला. एका जाड मुळाला, चारी बाजूंनी बघून, तिने पाठ टेकली आणि वल्ह्याचं टोक सेमानच्या डाव्या हाताकडे केलं. "याला धरा. हे वल्हं आहे."

"खात्री आहे?" सेमानने विचारलं. विनोद नव्हता तो.

"आहे."

त्याने धरलं. तिने ओढलं. तो कुशीवर कलंडला, टोपलीचा पट्टा खांद्यावरून सुटला आणि टोपली मुळावर आदळली. त्या क्षणी कमानीवरची ती जाड जागा हलली. नक्की काय झालं ते दोघांनाही दिसलं नाही. टोपलीच्या वेतावर दोन ओले ठिपके होते असं सेमान सांगतो. कल्सोम म्हणते, टोपली भरतीत वाहून गेली, ठिपके कधी बघितलेत? आम्ही पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा दोघं चिखलात एकमेकांना धरून बसली होती आणि कल्सोम आमच्या पायांखालच्या फळीकडे बघत होती.

"मास्तर, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "नाही, काही नाही. फळीच आहे."

गावात त्या दिवशी सापाची चर्चा फार झाली नाही. शब्दाची झाली. शब्द गेला तो आता परत घेता येत नाही, काहीतरी करायला हवं, असं मशिदीत बांग देणारे बिलाल म्हणाले. पिवळा चिकट भात शिजवा, चार माणसांना खाऊ घाला, दुआ मागा.

"माणूस वाचवायला म्हणाली हो ती," चे याह म्हणाली.

"म्हणून तर भातावर सुटली," बिलाल म्हणाले.

भात झाला. मी दोनदा घेतला. सेमान पानावर बसला, पण त्याचं लक्ष घराच्या खांबांकडे होतं. पुढे कितीतरी दिवस तो कांदळात गेला नाही. विचारलं तर म्हणायचा, "त्याने मला काही केलं नाही. पण हिने त्याला नावाने हाक मारली ना. आता ते ओळखतं." जन्मभर ज्याला काही दिसलं नव्हतं, त्याला आता सगळीकडे दिसायला लागलं, फक्त चुकीच्या ठिकाणी: दोरीत, पाइपात, सारोंगाच्या काठात. टपरीवर कोणी त्याचा जुना विनोद पुढे केला, तर तो हसत नसे.

कल्सोम मात्र दुसऱ्याच सकाळी वाटेवर गेली. धीट झाली होती म्हणून नव्हे. पेन्शनर कुठं आहे ते तिला कळायला हवं होतं. कमानीवर नव्हता. बेचक्यातही नव्हता. अजून सापडलेला नाही.

शेवटी चिंबोऱ्यांशिवाय भागेना, तेव्हा सेमान पुन्हा आत जायला लागला. पण एकट्याने काठावर चढत नाही. ओहोटी सरताना कल्सोम पायऱ्यांवर येऊन उभी राहते, तो परत यायच्या वेळी. शीळ येत नाही आता. तो कमानीशी पोचतो, हात वर करतो आणि हात अर्ध्यावर थांबतो. तो मुळाकडे बघत नाही; आपल्या डोळ्यांवर त्याचा विश्वास राहिलेला नाही. तो बायकोकडे बघतो.

घरीही तसंच. अंधाऱ्या पडवीत खुंटीवरचा टॉवेल घ्यायचा असला, दाराची कडी काढायची असली, तरी हात थांबतो. आणि कल्सोम चुलीपाशी असली तरी तिथून सांगते.

कांदळात ती म्हणते, "मूळच आहे." आमच्या गावात तो शब्द इतक्या वर्षांनी पुन्हा नुसत्या मुळाच्या कामी आला आहे. तिने तसं म्हटल्यावर तो धरतो, डोळे मिटून धरतो.

मी तिला एकदा म्हटलं, "माक लांग, आता तरी भीती कमी झाली असेल. तुझं तो ऐकतो."

तिने कप दोन्ही हातांत धरला होता. "मास्तर, आधी मी सांगायची आणि तो ऐकत नसे. माझं चुकलं तरी चालत होतं," ती म्हणाली.

म्हणून ती लगेच सांगत नाही. सेमानचा हात हवेत असतो, पाणी चढत असतं, आणि ती ते मूळ वरपासून खालपर्यंत बघते. मग पुन्हा पहिल्यापासून बघते.